मोपेडचं इंजिन धुताना पाणी कुठं जाऊ द्यायचं नाही

दसऱ्याच्या सकाळी गॅरेजचं शटर उघडायच्या आधीच समोर दोन-तीन मोपेड येऊन उभ्या असतात. हँडलला झेंडूचा हार, पुढच्या मडगार्डवर हळद-कुंकू, गाडी चकचकीत, आणि सेल्फ मारला की नुसती घरघर. "मिस्त्री, काल संध्याकाळपर्यंत चांगली होती बघा. खंडेनवमी म्हणून धुतली तेवढी." कोल्हापूरच्या उद्यमनगरात सोळा वर्षं गाड्यांची कामं करतोय आणि दरवर्षी हेच ऐकतोय. त्यातल्या बहुतेक गाड्यांत बिघाड असा काहीच नसतो. पाणी नको तिथं जाऊन बसलेलं असतं.

ज्यांनी पहिल्यांदा गाडी घेतली आहे, जुनी घेतली आहे, किंवा शिकायला-नोकरीला कोल्हापुरात येऊन आता स्वतःची गाडी स्वतः सांभाळायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्याकडं गिअर नसलेल्या स्कूटरला सरसकट मोपेडच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. ॲक्टिव्हा, ज्युपिटर, ॲक्सेस अशा हवेवर थंड होणाऱ्या गाड्या मी डोळ्यासमोर ठेवल्या आहेत. मॉडेलप्रमाणं थोडा फरक पडतो. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत धुण्याबद्दल लिहिलेलं असतं, ते आधी वाचून घ्या.

पावसात चालते, मग धुतल्यावर का बंद पडते?

प्रश्न अगदी बरोबर आहे. गगनबावड्याच्या पावसात भिजत आलेली गाडी रात्रभर दारात उभी राहते आणि सकाळी एका सेल्फला सुरू होते. मग दोन मिनिटांच्या फवाऱ्यानं तिला काय होतं?

पाऊस वरून पडतो. गाडी बांधतानाच ते गृहीत धरलेलं असतं. हवा आत घ्यायची तोंडं आडोशाला वळवलेली असतात, वायरींच्या कप्लरना, म्हणजे जोडांना, रबरी टोप्या असतात, ठिणगी देणाऱ्या प्लगच्या कॅपला रबराची कड असते. प्रेशरचं पाणी मात्र खालून, बाजूनं, तिरकं, नोझल धराल तिथून आत घुसतं. त्याचा जोर किती, तेही बघा. दहा मीटर उंचीवरच्या टाकीतलं पाणी खालच्या नळाला साधारण १ बार दाबानं येतं. घरगुती प्रेशर वॉशरवर १०० बार किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला असतो. लांबून मारलं तर जोर कमी होतो, हे खरं. पण चिकटलेला चिखल निघेना झाला की हात आपोआप पुढं सरकतो आणि नोझल इंजिनापासून वितीवर येतं.

म्हणून इंजिनाच्या जागेला प्रेशर मारायचाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. चाकं, मडगार्डचा खालचा भाग यांना लांबून मारा, हरकत नाही. इंजिनाला ब्रश, फडकं आणि दोन बादल्या पाणी पुरतं. वेळ तेवढा जास्त लागतो.

डावी बाजू, उजवी बाजू

बादली भरण्याआधी गाडी डबल स्टँडवर घ्या, जमिनीवर पोतं टाकून बसा आणि दहा मिनिटं नुसती बघा. मोबाइलची बॅटरी लावून बघितलं तर आणखी बरं.

डाव्या बाजूला किक आहे. ती ज्या लांबट कव्हरवर बसवलेली आहे, त्याच्या आत मागच्या चाकाला ताकद पोचवणारा बेल्ट, तो ज्यावर फिरतो तो व्हेरिएटर आणि क्लच असतो. हा भाग कोरडाच चालतो. बेल्ट तापतो, म्हणून आत हवा खेळायला वाट ठेवलेली असते; वाकून बघितलं की कुठं फट, कुठं जाळी, कुठं रबरी नळकांडं दिसेल. या वाटेनं पाणी गेलं की बेल्ट घसरतो. ॲक्सिलरेटर पिळला तर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. काम शिकत होतो तेव्हा एका नर्सताईंची गाडी मी प्रेशरनं धुतली. डाव्या कव्हरच्या फटीत लाल माती साचली होती, ती निघावी म्हणून नोझल तिथंच धरलं. गाडी सुरू झाली, मी चालवून न बघता दिली. ताई रात्रपाळीला निघाल्या आणि कावळा नाक्याजवळ गाडी पुढंच जाईना. रात्री नऊला त्या बाईंना रिक्षा शोधावी लागली. दुसऱ्या दिवशी कव्हर उघडलं तर आतून पाण्याचे थेंब गळत होते. त्यानंतर धुतलेली गाडी मी चालवून बघितल्याशिवाय कुणाच्या हातात दिलेली नाही.

त्याच कव्हरच्या वर, मागच्या चाकाच्या अंगाला काळा प्लॅस्टिकचा डबा दिसतो. तो एअर फिल्टर. इंजिन इथून श्वास घेतं. आतला कागदी फिल्टर बऱ्याच मॉडेलमध्ये तेलकट असतो. तो धुवायचाही नाही आणि हवा मारून साफही करायचा नाही, खराब झाला की बदलायचा. डब्याच्या तळाला एक छोटी नळी असते, तिच्या टोकाला बूच असतं. डब्यात शिरलेलं पाणी आणि तेल तिथं साचतं. ही नळी आजच शोधून ठेवा, पुढं कामाला येईल.

उजवीकडं गोल जाळीचं कव्हर आहे, त्यामागं फॅन. हा फॅन क्रँकवर, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्यावर, बसवलेला असतो आणि इंजिन फिरतं तसा फिरून ब्लॉकच्या फिन्सवर, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांवर, हवा मारतो. मोटरसायकलचे फिन्स समोरच्या वाऱ्यानं थंड होतात. मोपेडचे फिन्स मात्र कव्हरमध्ये झाकलेले, सगळा भरवसा या फॅनवर. जाळी चिखलानं बुजली किंवा फिन्सवर तेल आणि धूळ मिळून थर बसला, की इंजिनातली उष्णता बाहेर पडत नाही. इंजिनाची जागा स्वच्छ ठेवायचं खरं कारण हे आहे. याच बाजूला सायलेन्सर आणि बहुतेक गाड्यांत ऑइल बघायची डिपस्टिक.

मधे, पाय ठेवायच्या जागेच्या मागं, प्लॅस्टिक कव्हरआड हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, येतं. तिथं प्लग आणि त्याची कॅप, वर कार्बोरेटर किंवा इंजेक्टर, आसपास कॉइल आणि वायरी. १ एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस ६ नियम आला आणि मोपेडमध्ये कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. त्यामुळं नव्या गाडीत सेन्सर आणि कप्लर जास्त आहेत. सायलेन्सरच्या पाइपाजवळही एक सेन्सर असतो. नवी गाडी धुताना हात जुनीपेक्षा हलका ठेवा.

मागच्या चाकापाशी गिअरची पेटी आणि ब्रेकचा ड्रम. पेटीला आतली हवा ये-जा करायला बारीक वाट असते, तीही लक्षात ठेवा.

किती दिवसांनी

दर आठवड्याला इंजिन धुवायची गरज नाही. शहरातल्या शहरात फिरणारी गाडी असेल तर दोन-तीन महिन्यांनी एकदा, आणि पावसाळा संपल्यावर एकदा नीट वेळ काढून. पन्हाळा, जोतिबा, राधानगरीकडं पावसात फेरी झाली असेल तर मात्र लवकर. ती लाल माती वाळली की विटेसारखी घट्ट होते. आंबा घाटातून किंवा फोंडा घाटातून उतरून समुद्राला जाऊन आलात तर दुसऱ्याच दिवशी गोड्या पाण्यानं पुसून घ्या. खाऱ्या हवेचा थर बोल्ट आणि ॲल्युमिनियम खातो.

गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागून जाणाऱ्यांची गत वेगळी. पाचटाचे बारीक तुकडे फॅनच्या जाळीत अडकतात, त्यांना पाणी लागतच नाही. कोरड्या ब्रशानं आणि चिमट्यानं काढायचे.

दूध घालणाऱ्या मंडळींसाठी एक गोष्ट. किटलीतलं दूध सांडून इंजिनावर वाळलं असेल तर उकळतं पाणी ओतू नका. दुधातली प्रथिनं गोठून आणखी चिकटतात. आधी साधं पाणी, मग साबण. माझ्या चुलत्यांचा दुधाचा रतीब होता, त्यांच्या गाडीवर हे मी पुष्कळदा केलंय.

सामान

महागाचं काही लागत नाही. दोन बादल्या पाणी. बागेला पाणी घालायची झारी. या कामाला झारीसारखी दुसरी वस्तू नाही, कारण पाणी हलकं पडतं आणि हवं तिथंच पडतं. झारी नसेल तर आंघोळीचा मग चालेल. जुने दोन दातांचे ब्रश. एक इंची रंगाचा ब्रश, त्याचे केस कात्रीनं निम्मे कापून टाका म्हणजे तो कडक होतो, आणि त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे रंगाला ओरखडा येत नाही. तारेचा ब्रश आणू नका. सुती बनियनची फडकी, थोडं कॉटन वेस्ट, रबरी हातमोजे. गाडीचा शांपू, आणि तेलकट थर जाड असेल तर पाण्यानं निघणारा डिग्रीझर.

शिवाय दुधाच्या रिकाम्या, धुऊन वाळवलेल्या पाच-सहा पिशव्या आणि तेवढेच रबर. झाकायला ही पिशवी सगळ्यात चांगली, जाड असते आणि फाटत नाही.

आता काय आणायचं नाही. हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण नुकसान बहुतेक वेळा इथंच होतं.

डिझेल मारून धुवायची जुनी पद्धत आहे. गाडी काळीभोर चमकते, म्हणून लोकांना आवडते. पण डिझेलनं रबर फुगतं आणि सैल पडतं: पाइप, बुश, सील, सगळं. बेल्टच्या कव्हरमध्ये थोडं जरी गेलं तरी बेल्ट घसरणार. आणि डिझेलचा जो पातळ थर मागं राहतो, त्यावर दोन दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त धूळ बसते.

पेट्रोलनं इंजिन पुसणं तर जिवावरचं काम. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते. आणि नवमीच्या दिवशी शेजारीच उदबत्ती, कापूर, निरांजन असतं. पेट्रोलचं ओलं फडकं गाडीजवळ ठेवून पूजा मांडलेली मी स्वतः बघितली आहे. असं दिसलं तर कुणाचं घर आहे हे न बघता थांबवा.

कपड्याची पावडर आणि धुण्याचा सोडाही नको. इंजिनाचं कव्हर ॲल्युमिनियमचं असतं आणि सोडा ॲल्युमिनियमला खातो. धुताना कळत नाही. वाळल्यावर पांढरे-काळे डाग उठतात आणि ते पुन्हा निघत नाहीत. संडास साफ करायच्या ॲसिडचं तेच, किंबहुना जास्त. भांड्याचा लिक्विड साबण दोन-चार थेंब पाण्यात मिसळून इंजिनापुरता वापरला तर चालतो.

धुवायला घेताना

सकाळची वेळ धरा, म्हणजे वाळायला दिवसभर ऊन मिळतं. गाडी बाहेरून आली असेल तर किमान अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. इंजिनाच्या कव्हरजवळ हात नेला की कोमट ऊब लागावी, चटका नाही. अशा कोमट इंजिनावरचं तेल लवकर सुटतं. तापलेल्या इंजिनावर पाणी टाकलं तर वाफेनं हात भाजतो आणि साबण जागीच वाळून डाग पडतो. याहून मोठी गोष्ट अशी की गिअरच्या पेटीसारख्या बंद जागेतली तापलेली हवा अचानक थंड झाली की आकसते आणि सीलच्या कडेनं, श्वासाच्या वाटेनं बाहेरचं पाणी आत ओढून घेते. प्रेशर न मारताही पाणी आत जाण्याचं हे कारण आहे.

चावी काढून खिशात ठेवा. गाडी पक्क्या, सपाट जमिनीवर डबल स्टँडला. पेट्रोलचा वास येतोय का बघा. येत असेल तर धुणं बाजूला ठेवून आधी गळती बघून घ्या.

मग झाकाझाकी. एअर फिल्टर जिथून हवा घेतो ते तोंड, डाव्या कव्हरच्या हवेच्या वाटा, प्लगची कॅप आणि कॉइल, चावीचं भोक, यांवर पिशव्या लावून रबर घाला. जिथं रबर बसत नाही तिथं चिकटपट्टी. प्लगची कॅप आधी दाबून नीट बसली आहे का बघा, पण प्लग काढू नका. त्याच्याभोवतीची माती सरळ सिलिंडरमध्ये पडेल. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला, त्याचं एक टोक वीतभर बाहेर लोंबतं ठेवा. सायलेन्सरला खाली बारीक भोक असेल तर ते बुजवू नका, आतलं पाणी तिथूनच निघतं. शेवटी किती ठिकाणी झाकलं ते मोजा आणि आकडा हातावर पेनानं लिहा. माझ्या हातावर बहुतेक वेळा सहा असतो.

पहिला हात कोरडा. वाळलेली माती ब्रशानं झाडून पाडा. निम्मा चिखल असाच निघतो, आणि जो चिखल कोरडा निघाला तो ओला होऊन फटीत जात नाही. फॅनच्या जाळीवरची माती ब्रश बाहेरच्या बाजूला ओढत काढा, आत ढकलू नका.

मग शांपूचं पाणी किंवा डिग्रीझर ब्रशावर घेऊन लावा. थेट फवारू नका, ब्रशानंच लावा. आधी एका कोपऱ्यात लावून बघा, रंग जात नाही ना. खालून वर लावत गेलात तर ओघळांचे डाग पडत नाहीत. पाच मिनिटं मुरू द्या, पण वाळू देऊ नका. उन्हात काम चालू असेल तर एका वेळी एकच बाजू घ्या. बोल्टच्या खाचा, किकच्या मागची जागा, स्टँडची स्प्रिंग, चेंबरचा तळ या जागा दातांच्या ब्रशानं घासा. हेडच्या जवळ, कार्बोरेटर किंवा इंजेक्टरच्या भोवती, वायरींवर फक्त पिळलेलं फडकं. सीटखालची डिकी बोल्ट काढून उचलता येते आणि वरून इंजिन छान दिसतं, पण नवख्यानं पहिल्या वेळेला ते करू नये. केलंच तर वरून थेंबभरही पाणी ओतायचं नाही.

आता झारी. पाणी वरून खाली, संथपणे. उजवीकडं फॅनच्या जाळीवर धार धरायची नाही, तिच्या कडेनं जाऊ द्यायची. डावीकडं कव्हरच्या पृष्ठभागावरून पाणी ओघळू द्या, फटीकडं तोंड करून टाकू नका. एका धुण्याला दोन बादल्यांपेक्षा जास्त पाणी लागत असेल तर तुम्ही ब्रशाचं काम पाण्याकडून करून घेताय.

साबण कुठं राहिला का, बोटानं बघा. बुळबुळ लागली तर पुन्हा एकदा ओल्या फडक्यानं.

वाळवणं, आणि घाई

बहुतेक जण इथं घाई करतात.

धुतल्यावर गाडी लगेच सुरू करू नका. वीस मिनिटं तशीच निथळू द्या. तोवर कोरड्या फडक्यानं हात पोचेल तिथं टिपून घ्या. पंक्चरवाला जवळ असेल तर हवा मारून घेता येते, पण कप्लर आणि सीलपासून हातभर लांबून. हेअर ड्रायर चालतो. प्लॅस्टिकच्या अगदी जवळ धरू नका. पाणी हटवणारा स्प्रे कुणी सुचवला तर तो कप्लर आणि स्विचपुरता वापरा. बेल्ट, ब्रेक आणि टायर यांच्या जवळपासही तो नको.

मग पिशव्या काढा आणि हातावरचा आकडा जुळवा. सायलेन्सरमधला बोळा राहिला की गाडी सुरू होत नाही, आणि माणूस तासभर प्लगच्या मागं लागतो.

एअर फिल्टरच्या डब्याखालच्या नळीचं बूच काढून बघा. चमचाभर पाणी किंवा काळपट तेल आलं तर येऊ द्या, पुसा, बूच परत घट्ट लावा. भरपूर पाणी आलं तर डबा उघडून फिल्टर बघितल्याशिवाय सुरू करू नका. डिपस्टिक काढून ऑइलचा रंगही बघा. मधासारखं किंवा काळं असेल तर ठीक. दुधाच्या चहासारखं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी आहे. सेल्फ मारायचा नाही, गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून गॅरेजला न्यायची.

सगळं ठीक असेल तर मोकळ्या अंगणात सुरू करा. बंद खोलीत, पार्किंगच्या कोंडलेल्या कोपऱ्यात नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डबल स्टँडवर मागचं चाक फिरतं, म्हणून पोरांना लांब ठेवा, साडीचा पदर आणि ओढणी आवरून घ्या आणि फिरत्या चाकाला फडकं लावू नका. इंजिन चालू असताना प्लगच्या कॅपला हात लावायचा नाही. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी प्लगपर्यंत पोचणारा करंट हजारो व्होल्टचा असतो.

पाच ते दहा मिनिटं ॲक्सिलरेटर न पिळता चालू द्या. इंजिनाच्या स्वतःच्या उष्णतेनं उरलेला ओलावा जातो. सायलेन्सरमधून सुरुवातीला पांढरी वाफ आणि थेंब येतील, ते साहजिक आहे. मग घराजवळच एक फेरी मारा, सावकाश. ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी गेलेलं असतं, पहिल्या शे-दोनशे मीटरमध्ये ब्रेक हलके दाबत चला म्हणजे लायनर कोरडे होतात. ब्रेक नेहमीसारखे लागतात अशी खात्री होईपर्यंत गर्दीत, महाद्वार रोडला वगैरे, जाऊ नका.

सुरू झाली नाही तर

आधी सोप्या गोष्टी बघा. बोळा, पिशव्या. साइड स्टँड वर आहे का. काही गाड्यांत त्याला सेन्सर असतो आणि तो ओला किंवा चिखलानं भरलेला असला तर इंजिन सुरू होत नाही. ब्रेक दाबून सेल्फ मारताय ना.

सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मधे थोडं थांबा. धुतलेल्या गाडीची बॅटरी संपवून आणणारे पुष्कळ येतात, मग एका कामाची दोन कामं होतात. चावी बंद करून प्लगची कॅप काढा, आतून-बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसा, टक आवाज येईपर्यंत दाबून बसवा. बहुतेक गाड्या इथंच सुरू होतात. नाही झाली तर दोन तास उन्हात ठेवा. इंजेक्शनच्या गाडीत मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला तर कप्लर उपसत बसू नका, मिस्त्रीला दाखवा.

सुरू झाली पण पुढं जात नसेल, ओरडत असेल, तर बेल्ट ओला आहे. जोरात ॲक्सिलरेटर पिळून तो वाळवायला जाऊ नका. इंजिन थोडा वेळ संथ चालू द्या, मग बंद करून उभी करा. तरी घसरत असेल तर कव्हर उघडून पुसावं लागेल.

किक दाबली आणि ती मधेच दगडासारखी अडली, तर जागच्या जागी थांबा. सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. जबरदस्ती केली तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला तर हा नियम पहिला. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, सुतारवाडा भागातल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर "बघू तरी चालू होते का" म्हणून ज्यांनी सेल्फ मारला, त्यांचा खर्च वाढला. ज्यांनी हात न लावता गाडी आणली, त्यांचं पुष्कळदा ऑइल, फिल्टर आणि सफाईवर भागलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांची इशारा रेषा ओलांडून ४३ च्या धोका रेषेकडं निघाली की सखल भागातल्यांनी गाडी आधीच उंचावर नेऊन लावावी.

काळं पाणी

इंजिनावरून निघालेलं पाणी काळं आणि तेलकट असतं. गटारात सोडलं की ते नाल्यात जातं, जयंती नाल्यातून पंचगंगेत, आणि पंचगंगा पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वाटेतली गावं या नदीवरच जगतात. घाटावर किंवा रंकाळ्याच्या काठाला गाडी धुवायला नेऊ नका, हे मी कळकळीनं सांगतो. घरी धुताना गाडीखाली जुना पुठ्ठा आणि भुसा पसरा. तेल त्यात मुरतं. जाड तेलाचा थर पाणी लागण्याआधीच कॉटन वेस्टनं पुसून घेतला तर काळं पाणी निम्म्यावर येतं. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर जागा बदला.

भुसा गोळा करून झाला की गाडीखाली एक कोरडा, स्वच्छ पुठ्ठा घाला आणि रात्रभर राहू द्या. इंजिन मळलेलं असतं तेव्हा गळती दिसत नाही, आता दिसेल. सकाळी डाव्या कव्हरच्या पुढच्या भागाखाली काळा थेंब असेल तर क्रँकचं ऑइल सील बघावं लागेल. मधोमध असेल तर ड्रेन बोल्टचा वॉशर, बहुतेक वेळा स्वस्तात होणारं काम. मागच्या चाकाच्या ड्रमखाली ऑइल दिसलं तर गाडी चालवू नका, ते ब्रेकच्या लायनरला लागलेलं असू शकतं. पुठ्ठ्याला पेट्रोलचा वास येत असेल तर चावीही लावू नका. पुठ्ठ्यावर पुढचं चाक कुठल्या अंगाला होतं ते पेनानं लिहा, आणि मिस्त्रीकडं याल तेव्हा तो पुठ्ठा सोबत घेऊन या.